तोलेदो: एकटीने, पायी, एका दिवसात

माझ्या वयाच्या ज्या बायकांनी परदेशात एकटीने कधी रेल्वे पकडलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी एकसष्ट वर्षांची. सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. लेक आणि जावई माद्रिदला नोकरी करतात. दोघं सकाळी साडेआठला बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत मी चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी. दुसऱ्या आठवड्यात मी लेकीला म्हटलं, "मला तोलेदोला जायचंय. शनिवारची वाट नको बघूस, मी जाऊन येते." ती आधी गप्पच बसली. तोलेदो म्हणजे माद्रिदहून रेल्वेने पस्तीस मिनिटांवरचं जुनं गाव.

आधी व्हिसाचं सांगते, कारण सगळ्यात जास्त जीव त्यातच गेला होता. स्पेनमध्ये नातेवाइकांच्या घरी राहायचं असेल, तर यजमानाने तिथल्या पोलीस ठाण्यातून निमंत्रणपत्र काढावं लागतं. साध्या कागदावरचं पत्र चालत नाही. लेकीने मे महिन्यात त्यासाठी वेळ मागितली आणि मूळ पत्र कुरिअरने माझ्या हातात पडलं जुलैच्या मध्यावर. झेरॉक्स चालत नाही, मूळच लागतं. त्याच्यासोबत पेन्शनचा दाखला, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा आणि येण्याजाण्याचं विमान आरक्षण. 5 ऑगस्टला मुंबईच्या व्हिसा केंद्रात गेले, बोटांचे ठसे दिले, नव्वद युरोंइतकी फी आणि वर केंद्राचे सेवाशुल्क भरले. तिथे मला तीन तास बसावं लागलं, त्यातले दोन तास फोटोचा आकार योग्य नाही म्हणून. फोटो घेऊन जाताना मोजून जा. पासपोर्ट हातात आला 25 ऑगस्टला. ते वीस दिवस मी रोज सकाळी अर्जाचा क्रमांक टाकून बघत होते आणि रोज तेच उत्तर येत होतं. हे सगळं पार पाडलं आहे, मग पस्तीस मिनिटांच्या रेल्वेला काय घाबरायचं, असं मी पुढे स्वतःला बऱ्याचदा सांगितलं.

आता तोलेदोच का, ते. शाळेत आम्ही वर्तुळाची जीवा शिकवतो. वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणारा रेषाखंड म्हणजे जीवा. धनुष्याची दोरी ती ज्या, तिलाच जीवाही म्हणतात. आर्यभटाने 499 साली अर्ध्या जीवेचं कोष्टक दिलं आणि पुढे 'अर्धज्या'तला 'अर्ध' गळून नुसतं ज्या किंवा जीवा उरलं. हा शब्द अरबांकडे गेला तेव्हा त्यांनी तो जसाच्या तसा 'जीबा' असा घेतला. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे पुढच्या वाचणाऱ्यांनी तो 'जैब' असा वाचला. जैब म्हणजे वस्त्राची छातीजवळची घडी. हिंदीतला 'जेब' याच शब्दातून आला. बाराव्या शतकातल्या भाषांतरकारांनी त्या घडीचं लॅटिन केलं: सायनस. आमचा त्रिकोणमितीतला साइन तो हा. या भाषांतराच्या संदर्भात क्रेमोनाच्या जेरार्डचं नाव नेहमी घेतलं जातं. अरबीतला एक खगोलग्रंथ शोधत तो इटलीहून तोलेदोला आला, तिथेच राहिला, सत्तरहून जास्त ग्रंथ लॅटिनमध्ये नेले आणि 1187 मध्ये वारला. मी दहावीच्या वर्गात ही गोष्ट दर वर्षी सांगायचे. ज्या गावाचं नाव तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, ते गाव पस्तीस मिनिटांवर असताना मला घरात बसवेना.

दिवस ठरवला मंगळवार, 7 ऑक्टोबर. सोमवारी तिथलं एक महत्त्वाचं संग्रहालय बंद असतं आणि शनिवार-रविवारी गर्दी फार. तिकीट चार दिवस आधी काढलं. ही गाडी भरते, आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. तिकीट काढताना पासपोर्टचा क्रमांक द्यावा लागतो. येण्याजाण्याचं एकत्र काढलं तर सूट मिळते, मला दोन्ही मिळून बावीस युरोंच्या आसपास पडले. युरो तेव्हा शंभर रुपयांच्या वर होता, म्हणजे सव्वादोन हजार तिथेच गेले. परतीची गाडी मुद्दाम साडेसहाच्या सुमाराची घेतली. त्या दिवसांत तिथे साडेसातनंतर सूर्य मावळतो, म्हणजे स्टेशनपर्यंत उजेडात चालता येणार होतं.

लेकीने फोनवर माझं ठिकाण तिला सतत दिसेल अशी सोय करून दिली. मी मात्र एका वहीच्या पानावर सगळं हाताने लिहून घेतलं: स्टेशनचं नाव, गाडीची वेळ, तिचा नंबर, घराचा पत्ता, आणि खाली स्पॅनिशमध्ये 'मांस, मासे, हॅम, ट्यूना खात नाही. अंडं चालतं.' नुसतं 'मांस नको' म्हटलं तर सॅलडमध्ये ट्यूना येतो, हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

सकाळी पावणेआठला निघाले. मेट्रोत एक गोष्ट लक्षात ठेवा. आतोचा नावाचं स्थानक आणि त्याच्या अलीकडचं 'एस्तासिओन देल आर्ते' ही दोन वेगळी आहेत. दुसऱ्याच्या नावात 'एस्तासिओन', म्हणजे स्टेशन, हा शब्द आहे म्हणून तिथे उतरू नका. आतोचाचा पसारा मोठा. लोकल गाड्या एकीकडे, लांबच्या दुसरीकडे. आपल्याला 'पुएर्ता दे आतोचा' हवं. मधल्या जुन्या लोखंडी छपराखाली चक्क केळीसारख्या रुंद पानांची झाडं आणि ताडमाड लावलेत. तिथे बाकावर बसून डबा उघडला आणि दोन थालीपिठं खाल्ली. मग सामानाची तपासणी, विमानतळासारखा सरकता पट्टा. पाण्याची बाटली चालते. फलाटाचा क्रमांक बराच उशिरा लागतो, त्यामुळे मी पाटीकडे डोळे लावून उभी होते आणि त्या पंधरा मिनिटांत माझ्या तळहातांना घाम आला होता. गाडी सुटण्याआधी दोनेक मिनिटं फाटक बंद होतं. 'शेवटच्या क्षणी चढू' हा आपला मिरज स्टेशनवरचा हिशेब तिथे चालणार नाही.

गाडीत बसल्यावर घाम गेला. बाहेर कोरडी पिवळी जमीन, मधूनच ऑलिव्हच्या ओळी. आपल्या जत-आटपाडीकडची आठवण यावी असा रंग.

तोलेदोचं स्टेशन 1919 चं, विटांचं, आत रंगीत काचा आणि कोरीव लाकडी छत. बहुतेक लोक बाहेर पडून लगेच बसकडे धावतात. मी चालायचं ठरवलं होतं. उजवीकडे वळून रस्त्याने खाली गेलं की वीसेक मिनिटांत आल्कान्ताराचा पूल येतो. पूल मुळात रोमनांचा, नंतर अरबांनी आणि पुढच्या राजांनी पुन्हा पुन्हा बांधलेला. आता फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. खाली ताहो नदी, समोर टेकडीवर सगळं गाव. नदी गावाला तीन बाजूंनी वळसा घालून जाते. 'अल-कान्तारा' म्हणजे अरबीत पूलच, म्हणजे आपण पुलाला 'पूल पूल' म्हणतो आहोत. मी कठड्याला हात लावून पाच मिनिटं उभी राहिले. जेरार्ड आला असेल तेव्हाही गावात शिरायला पूल इथेच होता. या विचाराने माझा गळा दाटून आला. सोबत कोणी नसल्यामुळे तो आवरायची घाई पडली नाही.

पुलानंतर चढ आहे आणि तो खरा चढ आहे. पायऱ्या, मग गोटे बसवलेली वाट. गुडघे दुखत असतील तर गावाच्या उत्तरेकडून सरकते जिने आहेत, ते फुकट आहेत. मी चढून गेले, चार ठिकाणी थांबत. जाड रबरी तळव्याचे बूट घाला. या गोट्यांवर चपला घसरतात.

वर सोकोदोवेर चौक. हेही अरबी नाव, गुरांचा बाजार भरायची जागा. पर्यटन कार्यालयातून कागदी नकाशा घेतला, फुकट मिळतो. तो घ्याच. का, ते पुढे येईल.

कॅथेड्रलचं, म्हणजे गावातल्या मुख्य चर्चचं, तिकीट बारा युरोंच्या आसपास, रांग पंधरा मिनिटं. बांधकाम 1226 मध्ये सुरू झालं आणि 1493 पर्यंत चाललं, म्हणजे जेरार्डने हे पाहिलेलं नाही. त्याच्या काळी या जागी जुनी मशीदच कॅथेड्रल म्हणून वापरात होती. आत बघण्यासारखं इतकं आहे की मी दोनच गोष्टी निवडल्या. एक, मुख्य वेदीच्या मागची जागा. अठराव्या शतकात तिथे छतालाच भोक पाडून उजेड खाली आणलाय. अंधाऱ्या दगडात तो तिरपा झोत पडतो आणि खालचे संगमरवरी देवदूत हलल्यासारखे वाटतात. दुसरी, सॅक्रिस्टीमधलं, म्हणजे पाद्र्यांची वस्त्रं ठेवायच्या दालनातलं, एल ग्रेको या चित्रकाराचं लाल झग्यातल्या ख्रिस्ताचं चित्र. दीड तास झाला, बाहेर आले. सगळं बघायच्या नादात इथे दिवस घालवू नका, पाय पुढच्यासाठी राखून ठेवा. किल्ल्यातलं लष्करी संग्रहालय मी सोडलंच.

तिथून पाच मिनिटांवर सान्ता इसाबेल नावाचा छोटासा चौक आहे. त्या चौकातल्या एका जुन्या वाड्यात आजची 'एस्कुएला दे त्रादुक्तोरेस', म्हणजे भाषांतरकारांची शाळा आहे. ती 1994 मध्ये विद्यापीठाने सुरू केली, अरबी आणि हिब्रूतून भाषांतर शिकवतात. बाराव्या शतकातल्या मंडळींना आपण 'तोलेदोची भाषांतर शाळा' म्हणतो खरं, पण तेव्हा वर्ग, इमारत असं काही नव्हतं. माणसं होती, ग्रंथ होते. बरेचदा एक जण अरबीवरून मोठ्याने बोलीभाषेत सांगायचा आणि दुसरा ते लॅटिनमध्ये उतरवायचा. मी दाराशी उभी होते. एक मुलगी पुस्तकं छातीशी धरून बाहेर आली, माझ्याकडे बघून हसली, "ओला" म्हणाली. मीही "ओला" म्हटलं. आत जायचं धाडस केलं नाही. काय विचारायचं तेही सुचलं नसतं.

मग सान्तो तोमेचं चर्च, तिकीट चार युरो. इथे एकच चित्र बघायला जग येतं: ओर्गासच्या सरदाराचं दफन, एल ग्रेकोने 1586 ते 1588 या काळात काढलेलं. खोली लहान, चित्र भिंतभर. गट येतात, मार्गदर्शक पाच मिनिटं बोलतो, गट जातो. मी भिंतीला टेकून दोन गट जाऊ दिले. मधल्या दोन मिनिटांच्या शांततेत पुढे सरकले. डाव्या कोपऱ्यात खाली एक लहान मुलगा आहे, काळ्या कपड्यांतला, बोटाने दफनाकडे दाखवणारा. तो चित्रकाराचा स्वतःचा मुलगा. त्याच्या खिशातून एक पांढरा रुमाल बाहेर डोकावतो. रुमालाला घड्या पडल्यात आणि त्या घड्यांवर बारीक अक्षरांत चित्रकाराची सही आणि 1578 हे साल आहे. चित्र काढल्याचं साल नव्हे ते, मुलाच्या जन्माचं. बापाने आपली सही मुलाच्या खिशात ठेवली.

खिसा आणि घडी. जेब आणि जैब. याचा आणि माझ्या जीवेचा काही संबंध नाही, हे मला कळतं. पण तीस वर्षं वर्गात 'वस्त्राची घडी' म्हणत आले, आणि त्याच गावात रंगवलेली घडी समोर होती. मी पुढचा गट येईपर्यंत तिच्याकडेच बघत राहिले. आत फोटो काढू देत नाहीत. मग बाकावर बसून तिकिटाच्या मागच्या बाजूला पेनाने तो रुमाल काढला, घड्यांसकट.

दीड वाजला होता. तिथे जेवणाची वेळ दीड ते चार, बाराला जेवण मागाल तर कॉफीच मिळेल. एका गल्लीतल्या खानावळीत वहीचं पान दाखवलं. बाईंनी ते चष्मा लावून वाचलं, मान हलवली आणि 'पिस्तो' आणलं: टोमॅटो, ढोबळी मिरची, कांदा आणि झुकिनी यांची रटरट शिजवलेली भाजी, वर एक तळलेलं अंडं. त्या प्रांतातलीच भाजी आहे ही. तिखट अजिबात नाही, पण ऑलिव्ह तेलाचा आणि मंद आचेचा स्वाद आहे. पाव, पाणी, कॉफी मिळून पंधरा युरो. स्वच्छतागृहाचं काम जेवायला बसाल तिथेच उरकून घ्या, रस्त्यात सोय मिळणं अवघड.

पुढे यहुदी वस्ती सुरू झाली ती पायाखालून कळली. गोट्यांच्या फरशीत मधूनमधून छोट्या निळ्या-पांढऱ्या टाइल बसवल्यात, कुठे हिब्रू अक्षरं, कुठे सात फांद्यांची समई. एल त्रान्सितोचं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, चौदाव्या शतकातलं. राजाच्या यहुदी खजिनदाराने बांधलेलं, भिंतींवर हिब्रू लिखाणाबरोबर अरबीही. वर बायकांसाठी वेगळा सज्जा आहे, तिथूनही बघून घ्या. जवळच सान्ता मारिया ला ब्लांका, पांढऱ्या नालाकृती कमानींच्या ओळीच ओळी. सिनेगॉग म्हणून बांधलं, दिसतं मशिदीसारखं आणि झालं चर्च. 1492 मध्ये धर्म बदलायला तयार नसलेल्या सगळ्या यहुद्यांना देश सोडायला लावलं. समया आणि अक्षरं आता फरशीत आहेत, माणसं गेली. मला तिथे जास्त वेळ बोलावंसंही वाटलं नाही, कोणी असतं तरी.

इथे सुटी तिकिटं घेत गेले तर प्रत्येकी चार युरोंच्या आसपास पडतात. सात ठिकाणांसाठी मनगटावर बांधायचा एक पट्टाही मिळतो. तीनच बघायची असतील तर सुटी तिकिटं स्वस्त, चारपासून पुढे पट्टा परवडतो. कॅथेड्रल आणि एल त्रान्सितो त्यात येत नाहीत.

आता चूक. साडेतीनला फोनची बॅटरी वीस टक्क्यांवर आली होती आणि नकाशातला निळा ठिपका उंच भिंतींमधून उड्या मारत होता. मी त्याच्या मागे गेले आणि तीनदा त्याच दारापाशी आले. दुकानं दुपारची बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. त्या क्षणी पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. एका पायरीवर बसले, फोन बंद करून पर्समध्ये टाकला, पाणी प्यायले आणि कागदी नकाशा उलगडला. मुलांना सांगायचे तेच केलं: काय दिलंय ते आधी लिही. ऊन कुठून येतंय, चढ कुठल्या बाजूला आहे, मघाचं चर्च कुठे. तेवढ्यात चाकाची पिशवी ओढत एक आजी आल्या. मी नकाशावर बोट ठेवलं. त्यांनी माझा दंड धरला, वळणापर्यंत सोबत आल्या आणि हाताने दाखवलं, आधी वर, मग खाली. त्या माझ्याशी सगळा वेळ स्पॅनिशमध्ये बोलत होत्या आणि मी मराठीत "बरं, बरं" म्हणत होते.

साडेचारला क्रिस्तो दे ला लुस या मशिदीपाशी पोहोचले. सगळ्या दिवसातली माझी आवडती जागा ही. इतकी लहान की आमचा दहावीचा वर्ग त्यापेक्षा मोठा होता. विटांची, जवळपास चौरस. दर्शनी भिंतीवर विटांनीच अरबी अक्षरं रचलीत आणि त्यात बांधणीचं हिजरी साल आहे, आपल्या हिशेबाने 999. आत चार खांब, त्यामुळे छताचे नऊ चौकोन होतात. प्रत्येक चौकोनावर छोटी घुमटी आणि नऊही घुमट्यांच्या फासळ्या वेगवेगळ्या. एकीत दोन फासळ्या मधोमध छेदतात, एकीत चौरसात तिरका चौरस, एकीत मध्य मोकळा सोडून बाजूने जाणाऱ्या. मान वर करून मी एकेक मोजत गेले. वक्र छतावर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ताणलेल्या रेषा. आमच्या भाषेत जीवा.

1186 मध्ये या मशिदीचं चर्च करायला दिलं. जेरार्ड तेव्हा गावातच होता, पुढच्या वर्षी गेला. कॅथेड्रल त्याने पाहिलं नाही, त्या चित्राला तर अजून चारशे वर्षं अवकाश होता. पण या विटा तेव्हा होत्या. मी तिथे पाऊण तास होते.

मग जुन्या वेशीतून उतरत बिसाग्रा दरवाजा आणि तिथून स्टेशनसाठी दुसरा पूल. वाटेत मार्सिपानची छोटी पेटी घेतली. बदाम आणि साखरेची ती मिठाई तोलेदोची ओळख आहे, चव आपल्या बदामाच्या वडीच्या जवळची. पेटी दहा युरो. पुलाचं नाव आसार्किएल. हा अकराव्या शतकातला तोलेदोचा खगोलशास्त्रज्ञ, अल-झरकाली. त्याच्या नावाशी जोडलेल्या ग्रहगणिताच्या कोष्टकांत बगदादचा गणिती अल-ख्वारिझ्मी याच्याकडून आलेला भाग आहे, आणि अल-ख्वारिझ्मीची कोष्टकं भारतीय पद्धतीवर उभी होती. पुलावरून गाड्या धडधडत जात होत्या. मी रेलिंगच्या बाजूने हळूहळू चालले, गुडघा बोलायला लागला होता.

सहाला स्टेशनवर. फाटकावर तिकीट दाखवायला फोन लागतो, त्यात सहा टक्के बॅटरी उरली होती. तिकिटाची छापील प्रत जवळ ठेवा किंवा पॉवर बँक न्या. सगळा खर्च मिळून सत्तर युरोंच्या आसपास झाला. दुसऱ्या दिवशी गुडघ्याला शेक घेतला, तिसऱ्या दिवशी ठीक.

आतोचाच्या दाराशी लेक उभी होती, ऑफिसमधून परस्पर आलेली. दुपारी वीस मिनिटं माझा ठिपका एका जागी होता म्हणून तिचा जीव खालीवर झाला होता. "आई, काय बघितलंस एवढं?" तिने विचारलं. मी पर्समधून सान्तो तोमेचं तिकीट काढलं, उलटं केलं आणि तो रुमाल तिच्या हातावर ठेवला.